केवल मूल्य: अंतर मोजायचं की चिन्हं तपासायची?

|क्ष − ३| = ५ सोडवताना बहुतेक जण चिन्हांची रीत वापरतात: क्ष − ३ = ५ किंवा −५, म्हणून क्ष = ८ किंवा −२. उत्तर बरोबर, पण त्या दोन उभ्या रेघांचा अर्थ कळतच नाही. मला संख्यारेषा जवळची: |क्ष − ३|, म्हणजे क्ष − ३ चं केवल मूल्य, हे क्ष आणि ३ यांमधलं अंतर. ३ वर बोट ठेवा, पाच घरं उजवीकडे, पाच डावीकडे, झालं! समीकरणाच्या उजव्या बाजूला −५ असेल तर उत्तर का नाही, तेही दिसतं. अंतर कधी उणे असतं का?

मात्र |२क्ष − १| = क्ष − २ आलं की बोट अडखळतं. तिथे चिन्हांचीच रीत. हाती येतात १ आणि −१, पण मूळ समीकरणात घालून पाहा: दोन्ही वेळा उजवी बाजू उणे निघते, म्हणजे दोन्ही उत्तरं बाद.