विमान घ्यायच्या आधी छप्पर बघा: उजळाईवाडी, बेळगाव की पुणे-मुंबई?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फौंड्री असलेल्या माझ्या एका मित्राच्या डोक्यात सेसना १७२ हे चार जणांचं छोटं विमान बसलंय. इंजिनाचे तास, रेडिओ, रंगसुद्धा ठरलाय. "ठेवणार कुठं?" म्हटल्यावर उत्तर आलं, "उजळाईवाडी हाय की!" कोल्हापूरचा विमानतळ तिथं आहेच, १९३९ पासून आहे. पण विमानतळ असणं वेगळं आणि त्यावर आपल्या विमानाला छप्पर मिळणं वेगळं.

मुंबई-पुण्याचा विचार लवकर उरकतो. मुंबईत उतरायचा स्लॉट, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, मिळाला तरी माणसं सोडून विमान दुसरीकडे न्यायची वेळ येते, इतकी तिथं गर्दी. जुहूवर आता हेलिकॉप्टरांचं राज्य. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, तिथं नागरी विमानांना जागा मोजून-मापून मिळते. शिवाय कोल्हापूरकराने विमान पुण्यात ठेवलं, तर त्याच्यापर्यंत पोचायलाच सव्वादोनशे किलोमीटर गाडी हाणायची. मग विमान घेतलं कशाला?

खरी निवड उजळाईवाडी आणि बेळगावचं सांबरा यांच्यात. उजळाईवाडीची धावपट्टी १,३७० मीटरची होती तेव्हाही सेसनाला पुरून उरली असती, त्यामुळे लांबीचा प्रश्न नाही. घराजवळ असल्याचा मोठा फायदा म्हणजे विमान वापरात राहतं. रविवारी सकाळी मनात आलं की अर्ध्या तासात तुम्ही विमानापाशी. सांबऱ्याला गाडीने दोन तास जायला, दोन तास यायला. पहिले तीन महिने हौसेनं जाल, नंतर विमान नुसतं उभं राहील, आणि उभ्या विमानाचं इंजिन आतून गंजतं.

तरीही सांबऱ्यात हँगरमध्ये, म्हणजे विमानाच्या शेडमध्ये, जागा आणि इथं उघड्यावर, अशी निवड आली तर? ऑक्टोबर ते मे मी उघड्यावर ठेवायला तयार आहे. पंख आणि शेपूट जमिनीतल्या कड्यांना नीट बांधायची, वाऱ्यानं पंख-शेपटीच्या झडपा आपटू नयेत म्हणून कंट्रोल लॉक लावायचं, वेग मोजणाऱ्या नळीवर, म्हणजे पिटो ट्यूबवर, टोपी घालायची, नाहीतर गांधीलमाशी आत मातीचं घर करते आणि धावपट्टीवर वेग दाखवणारा काटा हलत नाही. काउलिंगची, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाची, तोंडं बंद ठेवायची. साळुंकीला तिथं घरटं करायला एक दिवस पुरतो. आणि एप्रिल-मेच्या वळवावर डोळा ठेवायचा, तो दोरांची परीक्षा घेतो.

पावसाळ्याचं मात्र गणित निराळं. आपला पाऊस चार-चार दिवस थांबत नाही. पाणी टाकीच्या झाकणातून झिरपतं, ओल रेडिओत शिरते, सांध्यांना गंज चढतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता. मित्राची फौंड्री नदीच्या एका बाजूला, विमान दुसऱ्या बाजूला. दोर सुटला तरी बघायला जाता आलं नसतं. जून ते सप्टेंबर उजळाईवाडीत छप्पर मिळत नसेल, तर विमान जिथं मिळेल तिथं हलवावं. हवा मोकळी असेल तर सांबरा अर्ध्या तासाचं उड्डाण.

आता हँगर म्हटलं की महिन्याच्या भाड्याचा स्वतंत्र गाळा डोळ्यासमोर आणू नका. सहसा एखाद्या कंपनीच्या किंवा फ्लाइंग स्कूलच्या हँगरात कोपरा मिळतो. तिथं भाड्याआधी चार गोष्टी विचारा. त्यांच्या करारात दुसऱ्याचं विमान ठेवायला परवानगी आहे का? तुमचं विमान मागे अडकलं तर पुढची विमानं कोण ओढणार, आणि त्यात पंखाचं टोक घासलं तर खर्च कुणाचा? सकाळी सहाला दार कोण उघडणार? आत जायचा पास तुमच्या मेकॅनिकला मिळेल का? तोंडी "होऊन जाईल" चालणार नाही, कागद घ्या. दार न उघडणाऱ्या हँगरापेक्षा मला बांधलेले दोर बरे.

इंधनही तिथंच विचारा. सेसनाला एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, लागतं, ते प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. प्रवासी विमानांचा टँकर उभा दिसला म्हणून भुलू नका, त्यातलं इंधन वेगळं.

मित्र परवा म्हणाला, "मग थेट किंग एअरच घेतो." हे दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं मोठं विमान. इंधनाचा प्रश्न त्यानं सुटेल, त्याला टँकरवालं इंधन चालतं. पण सेसनाचा पंखविस्तार ११ मीटर, उंची पावणेतीन. किंग एअर बी२०० चा साडेसोळा मीटर आणि शेपूट साडेचार मीटर उंच. सेसनासाठी शोधलेला कोपरा त्याला पुरणार नाही, शोध पुन्हा पहिल्यापासून.