पामिरसाठी ऑफलाइन नकाशा: पलंगाच्या खुणेवर किती विसंबायचं?

नकाशावर पलंगाची खूण, म्हणजे राहायची सोय आहे, पण समोर दाराला कुलूप. ताजिकिस्तानच्या पामिर पठारावरच्या, ३,६०० मीटरवरच्या मुरगाबमध्ये ऊन डोंगराआड गेलं की गारठा वाट बघत थांबत नाही. हा रिव्ह्यू त्या कुलपामुळे लिहिला जातोय, त्यामुळे पहिला अर्धा भाग कडवट लागला तर आश्चर्य नको. चार महिने नियोजन आणि त्यानंतर प्रत्यक्ष रस्त्यावर वापर, एवढा हिशोब मागे आहे. अ‍ॅपचं नाव देत नाही, कारण ओपनस्ट्रीटमॅपच्या (कुणालाही भर घालता येणाऱ्या मोफत नकाशाच्या) माहितीवर चालणारी जी पाच-सहा ऑफलाइन अ‍ॅप आहेत त्या सगळ्यांना हे कमीअधिक लागू पडतं. डाउनलोड कसं करायचं, पिन कशी जपायची हे सगळ्यांना माहीत असतं, ते सोडून देऊ.

मूळ तक्रार अशी. होमस्टेची खूण कधी टाकली, शेवटची कधी तपासली, हे अ‍ॅप सांगत नाही. २०१६ मध्ये कुणा सायकलस्वाराने टाकलेली खूण आणि गेल्या उन्हाळ्यात टाकलेली खूण, दोन्ही एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या. पुण्या-मुंबईत यानं काही बिघडत नाही, पुढच्या गल्लीत दुसरं लॉज असतं. गोर्नो-बदख्शानमध्ये, म्हणजे पामिर ज्यात येतो त्या ताजिकिस्तानच्या प्रांतात, बिघडतं. किर्गिझस्तानची हद्द २०२० मध्ये बंद झाली ती वर्षानुवर्षं. नोव्हेंबर २०२१ पासून सुमारे चार महिने अख्ख्या प्रांतात इंटरनेट बंद होतं. मे २०२२ मध्ये पुन्हा अशांतता. या काळात पाहुणेच आले नाहीत, तेव्हा अनेकांनी घरातली पाहुण्यांची खोली पुन्हा घरच्यांना दिली किंवा कामासाठी रशिया गाठला. नकाशावरचा पलंग मात्र जागेवरच.

उपाय आहे, पण घरी बसून करावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅपची वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडा, गावावर पुरेसं झूम करा, उजव्या पट्टीतलं प्रश्नचिन्हाचं बटण दाबा आणि खुणेवर क्लिक करा. डावीकडे यादी येते, त्यातली नोंद उघडली की आवृत्ती क्रमांक आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. आवृत्ती १ आणि तारीख सहा-सात वर्षं जुनी असेल तर ती खूण म्हणजे ऐकीव गोष्ट. आवृत्ती ४-५, तारीख ताजी आणि +९९२ ने सुरू होणारा फोन नंबर असेल तर ती नोंद कामाची. ज्यांना थोडं खोदकाम जमतं त्यांनी ओव्हरपास टर्बो या ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीत शोध घेणाऱ्या साइटवर गेस्ट हाऊसचा टॅग लावून संपूर्ण प्रांताची यादी तारखेसकट काढावी. ताज्या खुणा हिरव्या, जुन्या लाल असे बुकमार्क स्वतः बनवायचे. तासाभराचं काम आहे. ते अ‍ॅपने करायला हवं होतं, पण अ‍ॅपवाल्यांचं लक्ष बुकमार्क सिंक करायला पैसे मागण्याकडे. ते पैसे देऊ नका. बुकमार्कची फाइल केएमएल किंवा जीपीएक्स म्हणून बाहेर काढून स्वतःला ईमेल केली की झालं.

शोधण्याचाही घोळ आहे. कराकुल टाइप केलं की किर्गिझस्तानातलं इसिक-कुलजवळचं काराकोल पुढे येऊ शकतं, चीनमधला त्याच नावाचा तलावही. पामिरचं कराकुल हे मुरगाबच्या उत्तरेला, ३,९०० मीटरच्या वर, तलावाकाठचं गाव. लंगर नावाची गावं तर मध्य आशियात जागोजागी. प्रांताची राजधानी खोरोग रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिलं जातं. सिरिलिक कीबोर्ड फोनमध्ये टाकून Хоруғ-सारखं मूळ नाव वहीत उतरवून ठेवलं तर शोध पहिल्या फटक्यात लागतो, आणि तीच वही टॅक्सीवाल्याला दाखवायलाही उपयोगी पडते.

आता वेळेचा अंदाज. इथे अ‍ॅप सरळ थापा मारतं, पण का मारतं ते कळलं की राग कमी होतो. रस्त्याचा वर्ग बघून ते वेग गृहीत धरतं. एम-४१, म्हणजे पामिरमधून जाणारा मुख्य रस्ता, हा कागदोपत्री मोठा महामार्ग, म्हणून त्याला महामार्गाचा वेग. प्रत्यक्षात डांबर कुठे उखडलेलं, कुठे नुसते आडवे खळगे, ज्यावर गाडी पत्र्याच्या छपरावरून धावल्यासारखी थडथडते. मुरगाब ते कराकुल साधारण १३५ किलोमीटर, मध्ये ४,६५५ मीटरची अक-बैताल खिंड. अ‍ॅप दोन तास म्हणालं तर चार धरा. अफगाण सीमेलगतच्या वाखान खोऱ्यातून इश्काशिम ते लंगर सव्वाशेच्या आत, तरी चार-पाच तास. लंगरहून खारगुश खिंडीवरून अलिचुरला जायला सहा तास, त्यात खारगुशच्या लष्करी चौकीवर पासपोर्ट आणि परवाना तपासतात. सोपा नियम असा की अ‍ॅपच्या वेळेला पावणेदोनने गुणा, खिंड असेल तर दोनने.

‘सगळ्यात जवळचा मार्ग’ हा पर्याय तर बंदच ठेवा. रुशानहून कराकुलला जायला अ‍ॅप बिनदिक्कत बारतांग खोऱ्यातून नेतं. जुलै-ऑगस्टमध्ये हिमनद्यांचं पाणी दुपारनंतर वाढतं आणि सकाळी ओलांडलेला ओढा संध्याकाळी ओलांडता येत नाही. नकाशावर ती रेघ बारा महिने सारखीच. पंज नदीच्या अरुंद घळीत निळा ठिपका कधी कधी पलीकडच्या अफगाण काठावरच्या रस्त्याला चिकटतो. घाबरायचं कारण नाही, नदी तुम्ही ओलांडलेली नसते, पण ‘परत वळा’ असं अ‍ॅप दहा वेळा ओरडतं तेव्हा आवाज बंद करावा.

घड्याळाचं एक लफडं वेगळं सांगायला हवं. ताजिकिस्तानचं अधिकृत घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे. मुरगाब भागात मात्र किर्गिझ लोकवस्ती असल्यामुळे बरेच जण किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या वेळेने चालतात, म्हणजे भारताच्या अर्धा तास पुढे. फोन ताजिक राजधानी दुशान्बेची वेळ दाखवतो. शेअर टॅक्सी ‘आठला’ निघणार असं ठरलं आणि तुम्ही फोन बघून आठला गेलात, तर जागा गेलेली असू शकते. वेळ ठरवताना ‘कुठली वेळ?’ हे विचाराच. भारतातलं घड्याळ मनगटावर तसंच ठेवलं तर ते बरोबर मधोमध पडतं.

इथवर दोन तारे द्यायचं ठरलं होतं. मत बदललं ते उंचीच्या आलेखामुळे.

प्रत्येक मार्गाखाली चढउताराची जी रेघ येते ती बहुतेक जण बघत नाहीत, आणि पामिरच्या मुक्कामांचं नियोजन खरं तर त्याच रेघेवर करायचं असतं. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम. ओशहून सुरुवात केली की १,००० मीटरवरून पहिल्याच रात्री सारी-ताश, ३,१७० मीटर, आणि दुसऱ्या रात्री कराकुल. डोकं धरून बसायची हमी. उलट खोरोग २,१०० च्या आसपास, इश्काशिम २,५००, लंगर २,८०० च्या वर, म्हणजे वाखानच्या बाजूने चढण हळू आहे. लंगरनंतर मात्र आलेख एकदम उभा राहतो आणि अलिचुर ३,८०० च्या वर. म्हणून लंगरला दोन रात्री काढा, मधल्या दिवशी वर चढून खाली येऊन झोपा. लेहमध्ये विमानातून उतरून काही झालं नाही म्हणणाऱ्यांनी मुरगाब लेहपेक्षाही थोडं उंच आहे हे लक्षात घ्यावं. उंचीच्या त्रासावरचं डायमॉक्स घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगून.

आणि पैशांचं. गाडी भाड्याने घेतली की दर सहसा किलोमीटरमागे डॉलरमध्ये लागतो आणि गाडी रिकामी परत जाते त्याचेही पैसे मागतात. इथे अ‍ॅपने खिसा वाचवला. खोरोग ते मुरगाब वाखानमार्गे साधारण ४४५ किलोमीटर, थेट एम-४१ ने साधारण ३१५. मालक परतीचे पैसेही ४४५ ने लावतो. रिकामी गाडी वाखानमार्गे कशाला जाईल? नकाशावर दोन्ही मार्ग काढून समोर धरा. दर ०.८ डॉलर धरला तर १३० किलोमीटरचे शंभरावर डॉलर वाचतात, म्हणजे होमस्टेच्या चार-पाच रात्री, रात्रीच्या जेवणासकट. मुख्य रस्ता सोडून बुलुनकुल गावाला आत वळायचं असेल तर ती जादा तीसेक किलोमीटर आधीच बोलून ठेवा. चालकाचं जेवण-राहणं कुणाकडे, हेही.

होमस्टेचा दर साधारण १५ ते २५ डॉलर, माणशी, जेवण-नाश्त्यासह. पैसे सोमोनीत (ताजिक चलनात) द्यायचे की डॉलरमध्ये ते आल्याआल्या ठरवा. एटीएमचं काम खोरोगमध्ये उरका. डॉलरच्या नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या. आपल्याकडे नोटेवर पेनाने आकडा लिहितात तसला ठिपकाही चालत नाही. झोपायला जमिनीवरच्या किंवा चौथऱ्यावरच्या जाड गाद्या, संडास बाहेर. मुरगाबला चुलीत याकचं शेण आणि तेरेस्केन नावाचं झुडूप जळतं, धूर होतो, तक्रार करू नये, तिथे झाड नाही.

शाकाहारी मंडळींसाठी: ‘बे-गूश्त’ म्हणा, बेकार-बेफिकीरमधलाच तो ‘बे’. ताजिक भागात लगेच कळतं. किर्गिझ घरात ‘एतसिझ’. ‘सबजी’ मात्र मागू नका, ताजिकमध्ये सबजी म्हणजे गाजर, आणि ताटात गाजरच येईल. अंडं, बटाटा, नान आणि मीठ-लोणी घातलेला दुधाचा शीर-चाय, यावर दिवस निभतात. सोबत थोडे मेतकूट-भात नेले तर गरम पाणी कुठेही मिळतं.

कागदपत्रांत अ‍ॅपची काहीच मदत नाही. ताजिक ई-व्हिसाच्या अर्जातच गोर्नो-बदख्शानच्या परवान्याच्या चौकटीत टिक करायची. सारेझ तलावाला वेगळा परवाना लागतो. किर्गिझस्तानात जाणाऱ्या किझिल-आर्त खिंडीतल्या हद्दीचा नियम निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. नकाशावर तो रस्ता उघडाच दिसतो, आणि दोन चौक्यांमधल्या साधारण वीस किलोमीटरच्या ओसाड पट्ट्यात शेअर टॅक्सी नसते. ताजिकिस्तान आणि किर्गिझस्तान असे दोन्ही नकाशे घरच्या वायफायवर उतरवा, एकच घेतला तर खिंडीवर पोचल्यावर पुढे कोरा पडदा. सिम टीसेल कंपनीचं, तरी अलिचुर ते कराकुल रेंजची आशा फार धरू नका. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, रात्री फोन पांघरुणात घ्या. शिवाय १:५,००,००० प्रमाणाचा कागदी नकाशा एक घ्याच, एका सेंटिमीटरला पाच किलोमीटर, चार्जिंग लागत नाही.

साडेतीन तारे. अर्धा तारा तारखेसाठी राखून ठेवला आहे. तोवर ज्या घरात राहाल त्या खुणेवर बोट ठेवा, ‘नोंद सुधारा’ दाबा, घरमालकीणबाईंना विचारून त्यांचा चालू नंबर टाका, आणि घर बंद दिसलं तर बंद असल्याची टीप, महिना आणि वर्षासकट. बदल गेला की नाही ते खोरोग किंवा ओशला पोचल्यावर अ‍ॅप उघडून बघा, काही अ‍ॅपमध्ये ‘पाठवा’ दाबावं लागतं.