नऊ पलंगांचा बंगला की चाळीस पलंगांची इमारत? सांगलीत आत्यासाठी जागा शोधताना

आत्या 82 वर्षांची. खुब्याचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून संडासापर्यंत जाते, पण पलंगावरून उठवायला माणूस लागतो आणि रात्री दोन-तीनदा उठावंच लागतं. तिला मूलबाळ नाही. सांगलीच्या गावभागातलं तिचं घर पुढे आम्हा भावंडांकडेच येणार, त्यामुळे 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानंही तिची जबाबदारी आमची. कायदा नसता तरी हेच केलं असतं, आम्हाला तिनंच वाढवलंय.

घरीच चोवीस तासांची बाई ठेवायचा विचार पुरानं संपवला. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट. तेव्हा आत्या स्वतःच्या पायांनी जिना उतरून बोटीत बसली. आता तिला खुर्चीसकट उचलावं लागेल, आणि बाईचं स्वतःचं घरही पाण्यात असेल. म्हणून म्हाताऱ्या माणसांना ठेवून त्यांची सेवा करणाऱ्या जागा पाहायला लागलो, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच विचारला: 2019 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? शेवटी उरलेल्या दोन्ही जागी आलं नव्हतं.

एक विश्रामबागेकडचा बंगला, नऊ जण, सगळे तळमजल्यावर. दुसरी मिरज रस्त्याची तीन मजली इमारत, चाळीस जण, लिफ्ट, जनरेटर, रोज डॉक्टरांची फेरी. दिवसा पाहिलं तर इमारतच उजवी वाटते. मलाही वाटली. फरशी लख्ख, प्रत्येक पलंगाशी बेल. पण एका आजींचा पाण्याचा तांब्या पलंगापासून हातभर लांब, खिडकीत ठेवलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी तो दिला, त्या अर्धा तांब्या एका दमात प्यायल्या. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी आधी तांब्या कुठे आहे ते पाहू लागलो.

खरा फरक रात्री कळतो. दोन्हीकडे विचारून रात्री साडेनऊला पुन्हा गेलो. इमारतीत चाळीस जणांमागे एक सिस्टर आणि दोन मावशी, तिघी जाग्या, वहीत दर दोन तासांची नोंद. कोणाची कूस बदलली, कोणाचा डायपर. नोंद मागितल्यावर लगेच दाखवली, हे मला फार आवडलं. पण बेल दाबली तेव्हा सिस्टर चार मिनिटांनी आल्या. त्या दुसऱ्या टोकाला एका आजोबांपाशी होत्या. चूक कोणाचीच नाही. पण आत्या चार मिनिटं थांबणार नाही, एकटीच उठायला जाईल, आणि पुन्हा पडेल.

बंगल्यात बेल नाही, उशाशी पितळी घंटा. वाजवली आणि खाली ठेवायच्या आत मावशी दारात. मात्र ‘रात्री कोण असतं?’ याला उत्तर होतं, ‘मावशी इथेच झोपतात.’ इथे थांबून विचारा: झोपतात की जाग्या असतात? दिवसभर राबलेलीच बाई रात्रीही असते का? आणि नवांपैकी किती जणांना उचलावं लागतं? या बंगल्यात दोघांना, आणि रात्रीची मावशी वेगळी होती. चौघांना उचलावं लागत असतं तर मी नको म्हटलं असतं.

कागदांचं नीट समजून घ्या. ‘परवाना आहे’ म्हणून कोणी शॉप अ‍ॅक्टचा कागद दाखवला तर तो धंद्याच्या नोंदणीचा, सेवेचा नव्हे. धर्मादाय आयुक्तांकडची नोंद ट्रस्टची असते. सलाईन, ऑक्सिजन, नळीतून अन्न असं सगळं तिथेच होत असेल तर शुश्रूषागृह (नर्सिंग होम) म्हणून नोंदणी आहे का ते विचारायलाच हवं. इमारतीकडे ती होती. बंगल्यानं स्पष्ट सांगितलं, ‘नळी लागली तर आम्ही ठेवत नाही.’ मला हा नकार विश्वासाचा वाटला. तुमच्या माणसाला कॅथेटर (लघवीची नळी), अन्नाची नळी किंवा पाठीला जखम असेल तर मात्र बंगल्याच्या मायेवर भुलू नका, इमारतच बघा.

पैशांत महिन्याच्या आकड्यापेक्षा त्याबाहेर काय आहे ते लिहून घ्या: डायपर, औषधं, फिजिओथेरपी, दवाखान्यात सोबतीचं माणूस. अनामत किती, मध्येच नेलं तर किती परत, हेही कागदावर. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वर्षाला 5 लाखांपर्यंत, दवाखान्यात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना चालतं, या जागांच्या महिन्याच्या पैशाला नाही. आमच्या घरात यावरून गैरसमज झाला होता. कुठे हेळसांड दिसली तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

जेवण दोन्हीकडे बरं. बंगल्यात दुपारी भाकरी आमटीत कुस्करून देतात. आत्याला दात नाहीत, तिला तेच हवं होतं.

आम्ही बंगला घेतला, एका महिन्याच्या बोलीवर, आणि इमारतीचा फोन नंबर फ्रीजवर लावून ठेवला. मोडलेला खुबा डावा, म्हणून पलंग फिरवून घेतला. आता तांब्या आणि घंटा दोन्ही उजव्या हाताला येतात. पहिल्या रात्री तिनं घंटा पाच वेळा वाजवली, मावशी पाचही वेळा आल्या. सकाळी आत्या मला म्हणाली, ‘तीनदा उगीच वाजवली रे, येते का बघायला.’