पोळपाटासाठी आणलेले हार्ड मेपल : वर्षभराच्या वापरानंतर

टोरांटोजवळच्या एका लाकडाच्या वखारीतून गेल्या वर्षी मी हार्ड मेपलच्या तीन फळ्या आणल्या. पोळपाट, भाजी चिरण्याचा पाट आणि उरल्यास लाटणे असा बेत होता. ज्याच्या गोड रसाचे सिरप होते, त्या शुगर मेपलचेच हे लाकूड. कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात हे झाड भरपूर असल्यामुळे इथे ते सहज मिळते, सागवान मात्र जपून विकत घ्यावे लागते.

हे लाकूड भलतेच कठीण आहे. लाकडात पोलादी गोळी रुतवून मोजल्या जाणाऱ्या जांका कठीणपणात त्याचा आकडा १४५० आहे, तर सागाचा हजाराच्या थोडा वर. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगचे बास्केटबॉल सामने बहुतेक ठिकाणी याच लाकडाच्या फळ्यांवर का खेळले जातात, ते यावरून कळते. स्वयंपाकघरात मात्र मला त्याच्या बारीक छिद्रांचे मोल अधिक वाटले. ओकच्या उघड्या रेघांत कणीक जाऊन बसते. मेपलवर ती ओल्या फडक्याच्या एका हातात निघते. पांढरट रंगावर हळदीचा डाग पहिल्याच आठवड्यात पडला, पण पोळपाट दोन दिवस उन्हात ठेवल्यावर तो बराच फिकट झाला.

घडवताना मात्र हे लाकूड सुताराची परीक्षा पाहते. पोळपाटाचा गोल कापताना राउटर (लाकूड कोरणारे, वेगाने फिरणाऱ्या पात्याचे यंत्र) क्षणभर रेंगाळला आणि कडेवर बोटभर काळपट चट्टा उमटला, जो घालवण्यासाठी मला अर्धा तास पॉलिश पेपर घासावा लागला. पाते नवे असावे आणि हात थांबू नये, एवढे सांभाळले की रंध्याखालून काचेसारखा पृष्ठभाग निघतो. उरलेल्या तुकड्यावर अक्रोडी रंग लावून पाहिला, तर तो कुठे गडद, कुठे फिका असा ठिपक्याठिपक्यांनी बसला. त्यामुळे पोळपाटाला फक्त खाण्यायोग्य मिनरल ऑइल चोळले.

दमट उन्हाळा आणि हीटरने कोरडा झालेला हिवाळा यांत हे लाकूड सागापेक्षा बरेच जास्त फुगते-आकसते. म्हणून एकच रुंद फळी न घेता तीन पट्ट्या जोडल्या. वर्षभरात पोळपाट डगमगलेला नाही. तो पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, आणि अंगणातल्या बाकासाठी तर हे लाकूड मुळीच घेऊ नये, कारण ओल लागली की ते लवकर कुजते.

तक्रार आहे ती वखारीबद्दल. तिसरी फळी उचलताना हलकी लागली आणि तिच्यावर नखाचा वण सहज उमटला. ते सॉफ्ट मेपल, म्हणजे मेपलच्या मऊ जातींपैकी एकीचे लाकूड होते. या जातींतल्या रेड मेपलचा जांका आकडा ९५० च्या आसपास असतो. दोन्ही प्रकारच्या फळ्या रंगाने इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या नजरेने मीही फसलो. आता फळी घेताना मी शेजारच्या फळीशी वजन ताडून पाहतो. ती तिसरी फळी वाया गेली नाही, तिच्यातून कपाटाच्या खणांच्या बाजू चांगल्या झाल्या; पण पैसे हार्ड मेपलचे मोजले होते, आणि लाटणे अजून व्हायचेच आहे.