पानाला चिमटा लावून ‘बाग उपाशी आहे’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या द्राक्ष बागायतदारांनी हे जरूर वाचावं. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली, फुटी निघाल्या, घड दिसू लागले की काही लोक यंत्र घेऊन बागांतून फिरतात. आमचे पैसे गेले, त्याहून जास्त नुकसान बागेचं झालं. अजून कुणाचं होऊ नये म्हणून सगळं लिहितो.

आमच्याकडे आलेला माणूस तिशीतला, बोलायला गोड. “नाना, पाच मिनिटं द्या, तपासणी फुकट आहे,” असं वडिलांना म्हणत तो ओळीत शिरला. हातातल्या छोट्या यंत्राच्या चिमट्यात पान धरायचं, की आकडा येतो. 20, 21, 19 असे आकडे आले. “चाळीसच्या आसपास पाहिजेत, नाना. नत्र नाही दिलं तर घड जिरतील.” घड जिरतील, म्हणजे वेलीवरच विरून जातील, म्हटल्यावर कुठला द्राक्षवाला शांत बसेल? वर त्याने मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा दाखवला. त्यात आमचा प्लॉट लालभडक. मग ठिबकमधून सोडायचं आणि फवारायचं असं दोन प्रकारचं द्रावण, नकाशाचे पैसे आणि ‘पुढची तपासणी मोफत’ मिळून त्याने 18,500 रुपये घेतले. हातात दिली ती कच्ची पावती.

काही दिवसांनी तो परत आला आणि त्याने पुन्हा मोजलं. आता आकडे 36, 38. नानांचा चेहरा खुलला. त्याच आकड्यांच्या जोरावर त्याने शेजारच्या दोन बागाही गाठल्या.

पुढे शेंडे सुसाट सुटले, पेरं लांबली, फेलफूट (बगलेतल्या नको त्या फुटी) काढता काढता मजूर थकले. मांडवात हवा खेळेना. त्यात पाऊस आला आणि फुलोऱ्यात डाऊनी रोग घुसला, घडांची गळ-कूज झाली. सगळा दोष बाटल्यांचा असं मी म्हणणार नाही, पाऊसही होताच. पण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानांचे देठ प्रयोगशाळेत दिले होते, त्याच्या अहवालात नत्र गरजेपेक्षा जास्त निघालं. मग सुरुवातीला कमी कसं होतं?

मामेभाऊ कृषी महाविद्यालयात शिकतो. त्याला तसंच मीटर घेऊन बोलावलं आणि एकाच काडीवर बुडापासून शेंड्यापर्यंत पान न पान मोजलं. खालचं पक्कं पान 38, शेंड्याजवळचं कोवळं 21. खत तेच, वेल तोच. पहिल्या वेळी त्या माणसाने शेंड्याची पानं धरली होती आणि दुसऱ्या वेळी खालची पक्की. यंत्र बरोबर आकडा देत होतं, लबाडी पान निवडण्यात होती.

हे मीटर पानातून दोन प्रकाश सोडतं: एक तांबडा, सुमारे 650 नॅनोमीटरचा, आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, 940 च्या आसपासचा. हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषतं, अवरक्त जवळजवळ तसाच पुढे जातो. दोन्हींच्या तुलनेतून हिरवेपणाचा आकडा निघतो. त्याला एकक नाही आणि तो नत्राची टक्केवारीही नाही. हरितद्रव्य घडायला नत्र लागतं म्हणून त्यावरून नत्राचा अंदाज बांधता येतो, पण वाण, पानाचं वय, जाडी, ऊन यांनुसार आकडा बदलतो. चिमट्यात पानाचा जेमतेम 2 बाय 3 मिलिमीटरचा तुकडा येतो, शिरेवर धरला तरी आकडा वेगळा. म्हणून एकाच वयाच्या बऱ्याच पानांची सरासरी घ्यावी लागते, आणि ती त्याच वाणाच्या, भरपूर नत्र दिलेल्या ओळीशी ताडून पाहावी लागते. असं कुणी करत नसेल, तर त्याच्या ‘चाळीस पाहिजेत’ला काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट केवड्याची, म्हणजे पानं पिवळी पडण्याची. आमच्या जमिनीत चुनखडी आहे, कोवळी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता. नत्र कमी पडलं तर वेल जुन्या पानांतलं नत्र नव्या पानांकडे वळवतो, त्यामुळे पिवळेपणा आधी खालच्या पानांवर दिसतो. लोह तसं हलत नाही, म्हणून त्याची खूण शेंड्याकडे. खालची पानं हिरवीगार आणि शेंडा पिवळा असताना कुणी युरियासारखं काही विकत असेल, तर त्याला बागेबाहेर काढा. मीटरला पिवळेपणा दिसतो, त्याचं कारण दिसत नाही.

नकाशाचंही सांगतो, कारण तो बघून भलेभले फसतात. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. त्यातला सर्वांत बारीक ठिपकासुद्धा 10 मीटर बाय 10 मीटरचा. नऊ फुटी ओळींच्या बागेत त्या एका ठिपक्यात तीन-चार ओळी आणि मधली उघडी माती एकत्र येते. छाटणीनंतर वेलीवर पानंच नसतात, तेव्हा कुठलीही बाग लालच दिसणार. आम्हाला दाखवलेल्या चित्रावरची तारीख कापलेली होती. तसलं चित्र कुणी दाखवलं तर आधी तारीख विचारा.

मला या यंत्रांचा राग नाही. नीट वापरली तर नत्र वाचतं. इगतपुरीकडच्या भातवाल्यांसाठी तर हिरव्या छटांची साधी पट्टीही पुरते: पान तिच्याशी जुळवायचं आणि युरिया द्यायचा की थांबायचं ते ठरवायचं. द्राक्षाला मात्र देठ परीक्षणाला पर्याय नाही. खरड छाटणीनंतर (काड्या तयार करण्यासाठीच्या उन्हाळी छाटणीनंतर) साधारण 45 दिवसांनी बुडाकडून पाचव्या पानाचा देठ, आणि गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा.

आमचे पैसे अजून परत आलेले नाहीत. तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली आहे आणि उरलेली सीलबंद बाटली जपून ठेवली आहे. तिच्यावर उत्पादकाचा पूर्ण पत्ताही नाही. तुमच्याकडे अशी पावती, बाटली किंवा त्या माणसाचा मेसेज असेल तर फेकू नका, पुसू नका. तुम्हीही आपल्या तालुक्यात तक्रार द्या. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915, आणि खताबद्दल शंका असेल तर किसान कॉल सेंटर 1800-180-1551. शेजारच्या दोघांनीही आता अर्ज दिले आहेत.