स्कायरिम : सात महिने फक्त जादूगार म्हणून खेळल्यावर पोशनबद्दल

स्कायरिम हा 2011 चा व्हिडिओ गेम. तलवार-ढाल घेऊन मी तो पूर्वी एकदा पूर्ण केला होता. या वेळी ठरवलं की हातात फक्त स्पेल (मंत्र) असतील, शस्त्र अजिबात नाही. रात्री जेवणं आटोपली की तासभर, असे सात महिने झाले. पहिले दोन महिने मी अल्केमीच्या, म्हणजे पोशन बनवायच्या, टेबलाकडे फिरकलेसुद्धा नव्हते. सापडलेली पोशन (जादूचे काढे) विकायची आणि त्या पैशांतून स्पेलची पुस्तकं घ्यायची, एवढंच चालायचं. तो काळ फुकट गेला असं आज वाटतं.

आधी मॅजिकाच्या, म्हणजे स्पेल टाकायला लागणाऱ्या शक्तीच्या, पोशनच्या तीन प्रकारांबद्दल, कारण माझाही सुरुवातीला यातच गोंधळ झाला. ‘रिस्टोर’ प्यायलं की तेवढे पॉइंट लगेच परत मिळतात. ‘फॉर्टिफाय मॅजिका’ने एकूण मर्यादाच 60 सेकंदांसाठी वाढते आणि वेळ संपली की ती पूर्ववत होते. ‘रीजनरेट’ने मॅजिका भरण्याचा वेग वाढतो, 300 सेकंद. 300 सेकंद म्हटल्यावर मला तेच सगळ्यात फायद्याचं वाटलं होतं. पण लढाई नसताना मॅजिका सेकंदाला एकूण मर्यादेच्या 3 टक्के भरतं आणि लढाई सुरू झाली की हा वेग एक तृतीयांशावर येतो. म्हणजे 200 मॅजिका असेल तर सेकंदाला जेमतेम 2 पॉइंट. त्यावर 50 टक्क्यांचं रीजनरेट घेतलं तर 3. अर्ध्या मिनिटाच्या झटापटीत जास्तीचे मिळाले 30 पॉइंट, फायरबोल्ट हा आगीचा स्पेल एकदा टाकायलाही कमी पडावेत इतके. ड्रॅगन अंगावर आला असेल तर रिस्टोरच हवं. इन्व्हेंटरी (सामानाची यादी) उघडली की खेळ थांबतो, त्यामुळे एकापाठोपाठ तीन-चार बाटल्याही पिता येतात.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, फॉर्टिफाय डिस्ट्रक्शन.

डिस्ट्रक्शन म्हणजे आग, बर्फ, विजेने मारा करणारी जादू. या गेममध्ये तिचं कौशल्य 15 वरून 100 वर नेलं तरी स्पेलचा मार वाढत नाही, फक्त खर्च कमी होतो. कपड्यांवर, अंगठीवर घातलेल्या एन्चांटमेंटचंही (वस्तूत भरलेल्या जादूचंही) तेच. चार वस्तूंवर 25-25 टक्के बसवले की स्पेल चक्क फुकट पडतो, पण मार होता तेवढाच. योद्धा लोहाराकडच्या सहाणेवर तलवारीला धार लावून ती वाढवत नेतो. जादूगाराकडे पर्क (लेव्हल वाढली की निवडायचे खास गुण) संपले की जोर वाढवायला उरतं ते पोशन. कपडे जादू स्वस्त करतात आणि पोशन ती तिखट करतं, हे कळायला मला दोन महिने लागले. कळलं त्या दिवसापासून माझा खेळ बदलला.

मी मास्टर या अवघड लेव्हलवर खेळते. तिथे आपला मार निम्माच लागतो. इन्सिनरेट या आगीच्या स्पेलचे 60 पॉइंट म्हणजे प्रत्यक्षात 30, पर्कचा हिशेब बाजूला ठेवला तर. एका ब्लड ड्रॅगनसमोर मी खडकाआडून मारा करत होते, तो संपता संपेना. पोशन संपलं की मागे पळायचं, पुन्हा यायचं. मग आधी सेव्ह केलेला खेळ लोड करून परत गेले, आणि या वेळी तो जमिनीवर उतरल्यावर आधी फॉर्टिफाय डिस्ट्रक्शनची 45 टक्क्यांची बाटली घेतली. त्याच स्पेलने आरोग्याची पट्टी ज्या वेगाने खाली आली, ते बघून मी खुर्चीत सरसावून बसले. वेळ मात्र 60 सेकंदच, म्हणून तो आकाशात घिरट्या घालत असताना बाटली उघडू नका.

ही बाटली करायला दोनच जिन्नस पुरतात : नाइटशेड आणि ग्लोइंग मशरूम. प्रत्येक जिन्नसाचे चार गुण असतात आणि दोघांत जो गुण सारखा असेल तोच पोशनमध्ये उतरतो. या जोडीत सारखा गुण एकच, त्यामुळे पोशन शुद्ध होतं. मी एकदा मशरूम संपले म्हणून नाइटशेडबरोबर ग्लो डस्ट टाकली. त्या दोघांत मॅजिका भरण्याचा वेग कमी करणारा गुणही सारखा आहे, तोही बाटलीत आला. मारात जोर आला आणि मॅजिका भरेना! तीच ग्लो डस्ट मशरूमबरोबर टाकली तर वर विजेपासून बचावही मिळतो. आमटीत चिंच चालते आणि दुधात घातली तर दूध नासतं, तसंच हे.

रिस्टोरसाठी क्रीप क्लस्टर आणि रेड माउंटन फ्लॉवर. क्रीप क्लस्टर गेममधल्या ईस्टमार्च भागातल्या गरम झऱ्यांच्या पठारावर मुबलक मिळतं. अॅट्रोनॅक स्टोन हा वरदान देणारा उभा दगडही तिथेच आहे. त्याचं वरदान घेतलं तर मॅजिका 50 ने वाढतं पण भरण्याचा वेग निम्मा होतो, म्हणजे रिस्टोरच्या बाटल्यांवाचून गत्यंतर नाही. वरदान घ्यायला जाल तेव्हा झोळी भरूनच परत या. फॉर्टिफाय मॅजिकासाठी त्याच लाल फुलाबरोबर व्हाइटरन शहराच्या माळावरचा टंड्रा कॉटन.

कॉन्ज्युरेशन (साथीला जीव बोलावणारी जादू) आणि ऑल्टरेशन (कवचासारखी जादू) यांच्या पोशनने स्पेल जास्त वेळ टिकतो. उपयोग आहे, पण मी क्वचितच करते. इल्यूजनचं (शत्रूचं मन फिरवणाऱ्या जादूचं) पोशन मात्र लोक उगाच दुर्लक्षित ठेवतात. फ्यूरी हा स्पेल मुळात 6 व्या लेव्हलपर्यंतच्या शत्रूंनाच भडकवतो. पोशनने ती मर्यादाच वर सरकते आणि एरवी दाद न देणारे डाकू एकमेकांवर तुटून पडतात.

फॉर्टिफाय रिस्टोरेशनचं (बरं करणाऱ्या जादूचं) पोशन मी वापरत नाही. ते प्यायल्यावर अंगातले एन्चांटेड कपडे काढून पुन्हा घातले की एन्चांटमेंटचेच आकडे वाढतात आणि त्या चक्राला अंत नाही. चाहत्यांनी केलेल्या अनऑफिशियल पॅचमध्ये (दुरुस्तीत) हा दोष दुरुस्त केलेला आहे, तो पॅच टाकूनच खेळा. एका फटक्यात ड्रॅगन मेला तर नाइटशेड शोधत फिरायचं कशाला?

माझी नाइटशेडची वणवण आता संपली आहे. लेकव्ह्यू मॅनर या गेममधल्या माझ्या घराच्या बागेत मी सहा वाफे त्यालाच दिलेत. मशरूम तेवढे अजून गुहांच्या भिंतींवरून खुडून आणते.