पोरीला घेऊन बाहेर जेवायचं: उडुपी की एसी पंजाबी?

ठाण्यात लहान पोर घेऊन बाहेर जेवायचं ठरलं की आमच्या घरातला वाद दोनच ठिकाणांवर येऊन थांबतो. नौपाड्यात गोखले रोडच्या बाजूचं एखादं उडुपी, नाहीतर घोडबंदर रोडवरचं एसी पंजाबी. लेक साडेतीन वर्षांची. गेली दोन वर्षं दोन्हीकडे आलटून-पालटून जातोय, त्या जोरावर बोलतो. तुमचं मूल ठेचा-भाकरी खाणारं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आरामात पंजाबी पुढे, हे मान्य. गाडी लावायला जागा, गुबगुबीत सोफा, मुलांसाठी उंच खुर्ची. आईच्या गुडघ्यांनाही ते बरं. उडुपीत पोर आपल्या मांडीवर, आणि गर्दीच्या वेळी समोर कोणीतरी अनोळखी गृहस्थ डोसा मोडत बसलेले. पण तिथल्या गोंगाटाचे उपकारही आहेत. आमच्या बाईंनी भोकाड पसरलं तरी कोणी मान वळवत नाही. पंजाबीत दिवे मंद, गाणी मंद, चमचा पडला तरी शेजारचं टेबल बघतं.

वेळेचंही तसंच. पोरांना भूक लागते साडेसहाला. पंजाबीवाल्यांचा तंदूर दुपारी थंड होतो, तो बहुतेक ठिकाणी सातच्या पुढे तापतो. उडुपीत मधली सुट्टी नसते आणि इडली पाच मिनिटांत पुढ्यात येते.

हेही एक वेळ चालवून घेतलं असतं. माझा पिच्छा पुरवला तो ‘कमी तिखट’ या दोन शब्दांनी. पंजाबीत ऑर्डर देताना दर वेळी सांगायचं, पोरीसाठी आहे, तिखट अगदी कमी. वेटर दर वेळी मान डोलावणार. पनीर आलं की पहिला घास, डोळ्यांत पाणी, आणि मग पोट भरतं ते पाण्याने. एकदा मी पनीरचे तुकडे पाण्याच्या ग्लासात धुऊन दिले. तिने वास घेऊन परत केले. तिचंही चुकलं नाही. शेवटी एका वेटरने खरं काय ते सांगितलं: ‘साहेब, ग्रेव्ही सकाळीच बनते.’ लाल ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही पातेल्यांत तयारच असते, ऑर्डर आली की त्यातूनच भाजी निघते. आत शिजलेलं तिखट बाहेर कसं काढणार? फार तर वर क्रीम ओततात.

उडुपीत तिखट वाटीत वेगळं येतं. इडली कोरी, डोसा साधा. चटणी-सांबार ज्याला हवं त्याने घ्यावं. उडुपी पद्धतीच्या सांबारात गूळही असतो, त्यामुळे आमची हल्ली त्यात इडलीचं टोक बुडवते. (त्याच मेनूतल्या पंजाबी पानाच्या नादी मात्र लागू नका. ग्रेव्ही तिथेही सकाळचीच.)

पंजाबीत दाल खिचडी मिळते, असं तुम्ही म्हणाल. मिळते, आणि काही ठिकाणी छान मऊ करतातही. पण वरच्या फोडणीतली मिरची वेचत बसायची तयारी हवी.

बिलाचं फार बोलत नाही. जीएसटी साधारण दोन्हीकडे ५ टक्केच. एसीवाल्यांनी सेवा शुल्क लावलं असेल तर काढायला सांगा. २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे ते परस्पर बिलात घालता येत नाही.

मोठ्यांची जिभेची हौस, नातेवाइकांचा गोतावळा, निवांत गप्पा, हे सगळं हवं असेल तर पंजाबीला जा, मी अडवणार नाही. पुढच्या महिन्यात आईचा वाढदिवस आहे आणि तिला बटर नान हवाय, म्हणून आम्हीही जाणार आहोत. फक्त निघताना गोखले रोडवर दहा मिनिटं थांबू. लेकीची इडली उरकली की मग घोडबंदर.